गाडीला घरचं पाणी

चंदनसारच्या आमच्या इमारतीत पार्किंगला नवे पेव्हर ब्लॉक बसवले आणि आठवडा उलटायच्या आत माझ्या गाडीने त्यावर पहिला ठिपका पाडला. काळा, रुपयाएवढा. मी तो फडक्याने पुसला आणि कोणी बघत नाही ना, ते पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिथेच बशीएवढा डाग. मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्यादेखत त्यावर मूठभर वाळू टाकली आणि काही न बोलता निघून गेले. बोलले असते तर मी भांडलो असतो. भांडायला मला फारसं निमित्त लागत नाही.

बायको मात्र बोलली. "नवीन घे असं मी म्हणत नाही. पण आता एकदाच काय ते दुरुस्त कर. परत ठिपका दिसला तर भंगारवाल्याला फोन मी करणार." तिचं काही चुकत नव्हतं. जुनी डिझेल गाडी, वय झाल्यावर पुन्हा पासिंग करून आणलेली, थंडीत सुरू केली की दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं मूल रडायला लागायचं. पण ती बाबांची गाडी होती. बाबांच्या वस्तूंपैकी अजून चालणारी तेवढी एकच. त्यांचं घड्याळ बंद पडलंय, रेडिओ खरखर करून गप्प झालाय, स्कूटर तर कधीच गेली. आणि पापडीला आमच्या घरी, ताईकडे, मी दर रविवारी जायचो ते या गाडीनेच. गाडी गेली की माझे रविवारही जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. रिक्षा बदलत माणूस दोन-चार वेळा जातो, मग सणावारी जातो, मग फोन करतो.

त्या रविवारांचं एक ठरलेलं काम होतं. बाबांचा दंडकच होता की गाडीच्या रेडिएटरला पाणी घालायचं ते आपल्या विहिरीचं. बाबा शाळेत मराठी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात वाडी बघायचे. थोडी केळी, थोडी पानवेल, कडेने चाफा. रविवारी सकाळी वाडीचं पाणी सोडून झालं की गाडीचं बॉनेट उघडायचे आणि तांब्याने अलगद पाणी भरायचे. एका मेकॅनिकने एकदा कूलंट घालायचं सुचवलं, तर बाबा म्हणाले, "घरच्या पान्याला नावं ठेवू नये." वर्गात ण आणि न वरून पोरांचे कान पिळणारे बाबा बॉनेट उघडलं की थेट घरच्या बोलीत उतरायचे.

आणि पाणी होतंही तसंच. डाळ दोन शिट्ट्यांत शिजायची. पाहुणे जाताना बाटल्या भरून न्यायचे. उन्हाळ्यात विहिरीत डोकावलं की गार वाफ तोंडावर यायची आणि तिला शेवाळाचा, ओल्या दगडाचा वास असायचा. मला अजून अधूनमधून भलत्याच ठिकाणी, ऑफिसच्या लिफ्टमध्येसुद्धा, तो वास आल्याचा भास होतो आणि दिवसभर मग कशात मन लागत नाही.

बाबा गेल्यावर गाडी मी चंदनसारला आणली, पण पाणी पापडीचंच. ताई शनिवारी संध्याकाळी एक निळा कॅन भरून ओट्यावर ठेवायची. मी रविवारी जायचो, तिच्या हातचा चहा प्यायचो, रेडिएटरमध्ये पाणी घालायचो आणि उरलेला कॅन डिकीत टाकून, गेल्या वेळचा रिकामा तिथे ठेवून घरी यायचो. चहा पिताना मी दर वेळी म्हणायचो, "चहा प्यावा तो विहिरीच्या पाण्याचा." हे वाक्य मी घरी येऊन बायकोलाही ऐकवायचो. तिने कधीतरी वैतागून मला चहा करायचंच सोडून दिलं. तेव्हापासून मी माझा करून घेतो.

तर गळती. पहिल्यांदा मी जवळच्या गॅरेजात गेलो. त्यांनी खाली वाकून बघितलं, इंजिनाच्या तळाशी ऑइलचं चेंबर असतं त्याचं पॅकिंग गेलंय म्हणाले, आणि बदलून दिलं. ठिपका चालूच. मग मीच ठरवलं की ही गाडी पापडीला न्यायची आणि बाबा करायचे तसं आपण घरी करायचं. इमारतीत नट जरी सैल केला असता तरी सभा भरली असती.

ताई माझ्यापेक्षा मोठी. शाळेत गणित शिकवायची, आता निवृत्त आहे. लग्न केलं नाही. बाबांचं आजारपण, वाडी आणि घर, सगळं तिनेच धरून ठेवलं. गाडीच्या कामातही बाबांची हाताखालची ती. मी नव्हे. माझा पंजा लहानपणापासून फावड्यासारखा, आणि तिची बोटं बारीक, लांब. इंजिनाच्या मागे जिथे कुणाचा हात पोचायचा नाही तिथे बाबा तिला हात घालायला सांगायचे आणि मला बॅटरी धरायला. मी बॅटरी नीट धरत नाही यावरून त्या दोघांचं एकमत असायचं.

"आधी पुठ्ठा, मग पाना," गाडी अंगणात उभी केल्या केल्या ताई म्हणाली. ही बाबांची शिकवण. घासलेट आणि ब्रश घेऊन आम्ही इंजिनाची ती बाजू स्वच्छ धुतली, पुसली, खाली कोरा पुठ्ठा सरकवला आणि गाडी सुरू करून दोघं दोन बाजूंनी वाकून बघत बसलो. हल्ली वाकलं की दोघांच्याही तोंडून देवाचं नाव निघतं. थोड्या वेळाने ताई म्हणाली, "चेंबर नाही रे. वरून येतंय. तो बघ." ऑइल फिल्टरच्या मागे, इंजिनाला चिकटून एक वीतभर चौकोनी डबी असते. ऑइल कूलर. तिच्या एका अंगाने तापलेलं ऑइल फिरतं, दुसऱ्या अंगाने रेडिएटरचं पाणी, आणि पाणी ऑइलला थंड ठेवतं. त्या डबीच्या बुडातून एक काळा थेंब फुगत होता. तो घरंगळत चेंबरपर्यंत जायचा आणि तिथून टपकायचा. बदनाम मात्र चेंबर.

इंजिन निवेपर्यंत चहा झाला. मी माझं वाक्य म्हटलं. ताई कप घेऊन आत गेली.

मग खाली घमेलं ठेवून पाणी सोडलं, फिल्टर काढला, पाण्याचे दोन पाइप सोडवले. मधला मोठा बोल्ट हलेना. मी जोर लावला, शिव्या दिल्या, बोटाचं साल काढून घेतलं. ताई म्हणाली, "सरक," आणि मागून हात घातला. तिच्या बोटांची पेरं आता सुजलेली असतात, तरी हात गेला. तिने पाना बसवून दिला, मी दांडीला लोंबकळलो आणि बोल्ट सुटला. डबी हातात आली तेव्हा मागची रबरी रिंग बांगडीसारखी कडक झालेली होती, नखाने तुकडा पडला. मी हरखलो. एवढीशी रिंग बदलली की झालं. बायकोला फोनही लावणार होतो.

ताईने तेवढ्यात रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर तपकिरी साय होती. "रिंग गेली म्हणून ऑइल बाहेर येईल," ती वर्गात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "पाण्यात कसं जाईल?"

डबी आतून फुटली असेल तरच, एवढंच उत्तर होतं; ते तपासायला आम्ही बादलीने विहिरीचं पाणी काढून टब भरला. कूलरची ऑइलकडची भोकं जुन्या ट्यूबचे तुकडे दाबून बंद केली आणि त्यातल्या एकात वाडीतल्या सायकलचा पंप लावला. मी डबी पाण्यात बुडवून धरली, ताईने पंप मारला. आधी काही नाही. मग पाण्याच्या नळीतून एक बुडबुडा आला, मागून दुसरा, मग बारीक माळच लागली. डबी आतून फुटलेली होती. नळीत बॅटरी मारली तर आत पांढरी खपली, चुन्याची भिंत फुगते तशी, आणि खाली धातू पिठूळ झालेला.

"पाण्याने खाल्लंय," ताई म्हणाली.

"कुठल्या पाण्याने?" मी चिडलो. "या गाडीने जन्मात बाहेरचं पाणी प्यायलेलं नाही. बाबांनी घातलं ते आपलं, मी घातलं ते आपलं. इतक्या लांबून कॅन वाहतोय मी."

ती पंपाची दांडी दाबत, सोडत राहिली. मग म्हणाली, "बादलीत आहे अजून. पिऊन बघ."

मी ओंजळ भरून तोंडाला लावली. आधी मचूळ लागलं आणि मग मागून, जिभेच्या कडांना, खारट. मी थुंकलो नाही. आपल्या विहिरीचं पाणी थुंकवेना, म्हणून गिळलं.

"कधीपासून?"

"बाबा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून. पावसात जरा बरं होतं, मग परत. आसपास सगळीकडे बोअर झाल्या ना, खाडीचं पाणी आत शिरलं. मोगऱ्याने मान टाकली तेव्हाच समजलं मला."

"मग चहा?"

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे मान केली. मी आत जाऊन बघितलं. दारामागे, बाबांचं जुनं उपरणं पांघरून ठेवलेला पाण्याचा जार होता, दुकानातून टेम्पोने येतो तसला. इतकी वर्षं मी ज्या चहाची तारीफ करत होतो तो या जारचा होता. बायकोला कळलं असतं तर तिने पेढे वाटले असते.

बाहेर आलो तर ताई टबातलं पाणी चाफ्यापासून लांब, फाटकाच्या बाहेर नेऊन ओतत होती. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"तू पाण्यासाठी यायचास," ती म्हणाली. "पाणी खराब झालंय म्हटलं असतं, तर कशासाठी आला असतास?"

मला ताबडतोब भांडायचं होतं. तुझ्यासाठी येत होतो, म्हणायचं होतं. पण तोंडात तो खारटपणा होता आणि खोटं बोलवेना. मी बाबांसाठी येत होतो, विहिरीसाठी येत होतो, जे पाणी उरलंच नव्हतं त्याच्यासाठी येत होतो. आणि ती शनिवारी संध्याकाळी, गाडीचं वाटोळं होईल हे कळत असूनही, कॅन भरून ठेवत होती. गाडीपेक्षा रविवार मोठा, असा तिचा हिशेब. गणिताच्या बाईंचा हिशेब मला खोडता आला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि बाबांची इतकी आठवण आली की मी उगाच जाऊन बॉनेटला हात लावून उभा राहिलो.

पुढच्या रविवारी नवा कूलर घेऊन आलो. या खेपेला रिक्षाने. इंजिनावरची बसायची जागा ताईने लाकडी पट्टीने खरवडून आरशासारखी केली, नव्या रिंगांना बोटाने ऑइल लावलं आणि मागून हात घालून डबी जागेवर धरली. मी बोल्ट आवळला. "बस," ती म्हणाली, "जास्त जोर नको, बाबा ओरडतील." नवा फिल्टर, नवं ऑइल. तपकिरी साय जाईपर्यंत जारच्या पाण्याने रेडिएटर पुन्हा पुन्हा धुतला, आणि शेवटी हिरवं कूलंट. ते ओततानाचा आवाजसुद्धा परका वाटला. गाडी सुरू केली. पुठ्ठा कोरा राहिला. वाडीच्या टोकापर्यंत जाऊन आलो, पुन्हा पुठ्ठा घातला, जेवलो, पुन्हा बघितला. कोरा.

"हे घातलं की मग दर आठवड्याला बघायला लागत नाही ना?" ताईने विचारलं.

"नाही. वर्षभर तरी नाही."

"छान," ती म्हणाली. आणि ओट्यावरचा निळा कॅन उचलून, धुऊन, माळ्यावर टाकायला निघाली. मी तो तिच्या हातातून घेतला. काही ठरवून नव्हे. तो माळ्यावर गेलेला मला बघवला नसता.

त्याच्या पुढच्या रविवारी मी तो कॅन चंदनसारच्या नळाचं पाणी भरून घेऊन गेलो. कुठल्या तरी धरणाचं पाणी, डोंगर ओलांडून आलेलं. ताईने झाकण उघडून वास घेतला. "औषधाचा वास येतोय," म्हणाली, पण आधण त्याचंच ठेवलं. आम्ही पायरीवर बसून तो चहा प्यालो. चहा ठीक होता. विहिरीवरची रहाटाची खूण तिथून दिसते. मी माझं वाक्य म्हटलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पण दोघांच्याही जिभेवर एकच जुनं पाणी होतं आणि ते आता कुठेही मिळणार नव्हतं.

निघताना ताईने रिकामा कॅन विसळून माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडीचं दार बाहेरून नीट लावलं.

"पुढच्या रविवारी भरून आण. विसरू नकोस," ती काचेशी वाकून म्हणाली. "घरात प्यायला पाणी नाहीये."

तिच्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. त्यातून आतला जार, आता उपरण्याविना, मला गळ्यापर्यंत भरलेला दिसत होता.