शिंजुकूतल्या मामाकडे गाण्यांची स्पर्धा

मे महिन्यात नागपूर सोडून कुठेही जायला माणूस तयार असतो. मी मात्र उन्हाला कंटाळून नव्हे, जावई बघायला निघाले होते.

माझी मुलगी केतकी सहा वर्षं तोक्योत आहे. फुनाबोरीला राहते, विद्यापीठात मातीतल्या बुरशीवर संशोधन करते. गेली तीन वर्षं तिच्या प्रत्येक फोनमध्ये 'मोरी-सान' असत; 'सान' म्हणजे आपलं 'जी'. मोरी-सान दातांच्या कवळ्या बनवतात. मोरी-सान वरण करायला शिकतायत. मोरी-सानना विचारून सांगते. शेवटी मार्चमध्ये म्हणाली, "आई, आता येच. मोरी-सानना भेट. आम्ही एकत्र राहतो." म्हटलं, चला, मुलगी अडतिसाची झाली, जपानी तर जपानी.

जाणाऱ्यांसाठी सांगते. नारिता विमानतळावरून महागड्या वेगवान गाडीच्या मागे लागू नका. साधी केइसेई लाइन यावातापर्यंत येते. तिथून मोतोयावाता स्टेशन पाच-सात मिनिटं चालत, आणि मग भुयारी गाडीने थोड्याच वेळात फुनाबोरी. बॅगेची चाकं धड असली पाहिजेत, कारण या देशात हमाल नाही. सगळे स्वतःचं ओझं स्वतः ओढतात आणि त्याबद्दल एकमेकांची माफी मागतात.

दार उघडलं ते चाळिशीच्या एका बाईने. आखूड केस, अंगात एप्रन. ती कमरेत वाकली, म्हणून मीही वाकले. मग तिच्या मागे, आतल्या खोलीत नजर टाकली आणि मला घ्यायला आलेल्या लेकीला विचारलं, "केतकी, मोरी-सान कुठेत?"

"आई," केतकी म्हणाली, "ह्या मोरी-सान."

ह्या! तीन वर्षांत पहिल्यांदा.

मी तेहतीस वर्षं सरकारी मुद्रणालयात मुद्रितं तपासली. मराठीत माणूस एक तर आला किंवा आली. मान द्यायचा तर आले किंवा आल्या. लपायला जागा नाही, असं मला वाटत होतं. पण 'म्हणतात', 'येणार आहेत', 'त्यांनी केलं' यातून बाई की पुरुष ते कळत नाही. माझी कन्या तीन वर्षं नेमकी या बोळांतून चालली. मोरी-सान कधी 'गेले' नाहीत की 'गेल्या' नाहीत. आजारपणातसुद्धा 'मोरी-सानना बरं नाही' एवढंच. दुसऱ्यांच्या मजकुरातला अनुस्वार शोधणारी मी, घरचा मजकूर तीन वर्षं तसाच पास करत होते.

दोन दिवस मी व्याकरणावरून भांडले. राग फक्त व्याकरणाचा नव्हता, पण त्यावरून ओरडणं सोपं होतं. दुसऱ्या रागाला माझ्याकडे शब्दच नव्हते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये या विषयाला नाव नव्हतं. सिस्टर फक्त भुवया उंचावत आणि आम्ही खाली बघत असू. मोरी-सान मात्र रोज सकाळी माझ्यासमोर चहा ठेवत आणि पाठ केलेल्या मराठीत म्हणत, "आई, तू बसा." मी बसत असे. वरण त्यांनी खरोखर बरं केलं होतं, साखर जरा जास्त. चहाची पिशवी कुठल्या डब्यात टाकायची हेही त्यांनीच शिकवलं. इथे कचऱ्याचं वर्गीकरण आमच्या दहावीच्या पेपरपेक्षा कडक असतं.

तिसऱ्या दिवशी केतकी मला स्टेशनासमोरच्या मनोऱ्यावर घेऊन गेली. लिफ्टने वर जायला पैसे पडत नाहीत, हे लक्षात ठेवा. स्वच्छ दिवशी फुजी दिसतो म्हणे. आम्हाला धुरकट आभाळ, नदी आणि असंख्य गच्च्यांवर वाळत घातलेल्या गाद्या दिसल्या.

"मंगळवारी आम्ही वॉर्डाच्या कचेरीत जाणार आहोत," केतकी काचेकडे बघत म्हणाली. "दोघींच्या नात्याचा दाखला मिळतो. ते लग्न नाही, इथल्या कायद्यात ते नाहीच. पण घर भाड्याने घेताना, दवाखान्यात, तो दाखवता येतो. तू यावंस असं मला वाटतं."

"आणि नाही आले तर?"

"तरी आम्ही जाणारच. फक्त मग तू आणि मी फोनवर हवापाणी बोलत राहू. आजपर्यंत बोललो तसं."

मी म्हटलं, "बघू." आपल्याकडे 'बघू'चा अर्थ काय होतो ते तिला सांगावं लागलं नाही.

रविवारी त्यांचा ठरलेला कार्यक्रम होता. युरोपात दरवर्षी देशादेशांची गाण्यांची स्पर्धा होते. मोरी-सानची मित्रमंडळी गेली कित्येक वर्षं एकत्र जमून ती बघतात. ही सगळी मंडळी त्यांच्यासारखीच. अंतिम फेरी इथल्या पहाटे होते, म्हणून तिचं ध्वनिचित्रमुद्रण रविवारी दुपारी लावायचं आणि तोवर निकाल कुणी बघायचा नाही, असा नियम. फुनाबोरीहून शिंजुकू-सान्चोमेला एकच गाडी, अर्धा तास, तीनशेच्या आसपास येन. तिथून नि-चोमेच्या, म्हणजे अशा मंडळींच्या बारच्या, गल्ल्या पाच मिनिटांवर. तिथल्या बारमधल्या कार्यक्रमाचं तिकीट तीन हजार येन. त्यात एक पेय, गुणपत्रिका आणि कागदी पंखा मिळतो. शाकाहाऱ्यांनी कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातून, आंबट आलुबुखाराचा भाताचा गोळा बरोबर न्यावा. तिथे शेंगदाण्यालाही माशाचा वास येतो.

बार आमच्या नागपूरच्या स्वयंपाकघराएवढा, माणसं तीस. काउंटरमागे किमोनो नेसलेले, ओठ रंगवलेले साठीचे एक गृहस्थ उभे होते. सगळे त्यांना प्रेमाने "मामा! मामा!" म्हणत होते. मला बरं वाटलं. म्हटलं, एक तरी नातं ओळखीचं निघालं. मीही म्हटलं, "नमस्कार, मामा."

"आई, जपानीत मामा म्हणजे आई," केतकी कुजबुजली. "बार चालवणाऱ्यांना इथे असंच म्हणतात."

म्हणजे जावई म्हणून आले ती बाई, आणि मामा म्हणून भेटले ती आई. मी लिंबू सरबत मागितलं.

निकाल दिसू नये म्हणून दारातच प्रत्येकाचा फोन एका कापडी पिशवीत गेला होता. तिथेच केतकीच्या खालच्या मजल्यावर राहणारी शिल्पा भेटली. नवरा बँकेत, ही मराठी मंडळाची उत्साहमूर्ती. गालावर इंद्रधनुष्य, गळ्यात इंद्रधनुष्य, पर्सला इंद्रधनुष्य. "काकू, आपला यांना फुल्ल सपोर्ट आहे!" फोन काढून घेतल्यावर त्या सपोर्टला करण्यासारखं फारसं काही उरलं नाही. ती पाच-पाच मिनिटांनी पिशवीकडे बघत होती.

आता गाण्यांविषयी. एक मुलगा चांदीच्या पिंजऱ्यात उभा राहून आपण मुक्त असल्याचं सांगत होता. एक बाई जळत्या पियानोवर आडवी पडून गात होती. पियानो कुणीच वाजवत नव्हतं, तरी तो वाजत होता. दहांतल्या नऊ जणांचं इंग्रजी असं की आमच्या सिस्टरने शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं असतं. आशय एकच: मी मोडले, मी उठले, आता धूर सोडा. सगळा बार मात्र पंखे हलवून रडत होता आणि हसत होता. मोरी-सान घरात इतक्या हळू बोलतात की भांडं ठेवल्याचाही आवाज होत नाही. इथे त्या खुर्चीवर उभ्या राहून कुठल्याशा बेटाच्या गायिकेसाठी किंचाळत होत्या.

गुण बारापैकी द्यायचे. जपानी मंडळी कुणालाही आठच्या खाली उतरवत नाहीत, आणि आठ देताना शेजारी 'क्षमस्व' लिहितात. मी पिंजऱ्याला दोन दिले, पियानोला एक. मामांनी माझी गुणपत्रिका वाचली, छातीला हात लावला आणि मोठ्याने केतकीला काहीतरी विचारलं. सगळा बार माझ्याकडे वळला.

"मामा विचारतायत, या कडक बाई कोण, कुणाबरोबर आल्यात?"

केतकीने उत्तर द्यायच्या आत शिल्पाने तोंड घातलं. "आमच्या केतकीच्या आई! आणि मोरी-सान केतकीची रूममेट!" हे ती इंग्रजीत म्हणाली, म्हणजे सगळ्यांना कळावं.

तो शब्द सगळ्यांना कळला. त्या बारमध्ये तो प्रत्येकाने कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकलेला असावा. मोरी-सान खुर्चीवरून खाली उतरल्या आणि पंख्याची घडी घालू लागल्या. केतकीने माझ्याकडे बघितलं नाही. तिला माझ्याकडून काही नकोच होतं, आणि तेच मला झोंबलं. मोरी-सानना काय म्हणायचं ते मला तीन दिवसांत सापडलं नव्हतं. पार्टनर कॅरममध्ये असतो. मैत्रीण म्हणावं तर ती बसला सोबत असते. पण माझ्यासाठी शब्द तयार होता, शेकडो वर्षांचा, बदनाम आणि भक्कम.

"केतकी, सांग त्यांना," मी म्हटलं. "मी मोरी-सानची सासू."

केतकीने सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मामा किंचाळले. मग टाळ्या, पंखे, कुणीतरी माझ्या सरबतात छत्री खोचली.

"मामा म्हणतायत," केतकी डोळे पुसत म्हणाली, "इथे आजवर सगळ्या प्रकारची माणसं आली, पण कुणाची सासू कधी आली नव्हती."

शिल्पा माझ्या कानाशी आली. "किती गोड, काकू! पण मंडळात आपण रूममेटच म्हणू या हं. ज्येष्ठ मंडळी असतात ना."

"शिल्पा, मी सदुसष्ट वर्षांची आहे. आणखी किती ज्येष्ठ हवेत?"

कोण जिंकलं ते मला आठवत नाही. पिंजरा नव्हे, एवढं नक्की. परतीच्या गाडीत दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या होत्या. मी विचारलं, "मंगळवारी किती वाजता?"

मंगळवारी कचेरीत शांतता होती. कारकून अतिशय अदबशीर होता. फॉर्मवरचं केतकीच्या नावाचं स्पेलिंग मी तपासलं, बरोबर होतं. दाखला साधा, एका पानाचा. त्यावर दोघींची नावं एकाखाली एक. मोरी-सान माझ्यासमोर वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. शेवटी मी त्यांना दंडाला धरून सरळ केलं. "तुम्ही पाणी पी," त्या रडत म्हणाल्या. त्यांना येणाऱ्या मराठीत त्या वेळी तेवढंच सुचलं असावं.

नागपूरला येऊन आता तीन आठवडे झाले. माझी एकुलती एक धाकटी बहीण मालती, तिच्या मुलाचं डिसेंबरात लग्न आहे. ती आली, फोटो बघितले, दाखल्याचा फोटो दोनदा बघितला.

"ताई, केतकीला लग्नाला बोलाव. पण एकटीलाच. व्याह्यांना काय सांगू मी?"

"मालती, मग तीन पानं कमी मांड."

"तीन कशी? तू तर येशील ना?"

मी कपबशा उचलल्या. ती माझ्या मांडीवर वाढलेली बहीण आहे. तिच्या बाळंतपणात मी महिनाभर बिनपगारी रजा काढली होती. ती जिना उतरेपर्यंत मी गॅलरीत उभी होते. तिने वर बघितलं नाही. तिचा फोन अजून आलेला नाही, आणि रोज संध्याकाळी सातला, तिच्या नेहमीच्या वेळेला, मला तो ऐकू आल्यासारखा होतो.

काल केतकीला कळवलं: डिसेंबरात मला कुठलंही लग्न नाही. दोघी इकडे या. गाद्या भरायला टाकते आहे.