ठिणगीवर धार ओळखणारा आकाराम

उचगावच्या आकारामला ठिणगी बघितल्याबिगार धार कळत न्हाय. कुऱ्हाडीच्या कारखान्यात कोरड्या सानेवर, धार लावायच्या फिरत्या दगडावर, त्याची निम्मी हयात गेली. ठिणगीचा रंग बघून तो पातं वळवायचा, बोटांना चटका बसला की पातं पाण्याच्या बादलीत बुडवायचा. छातीत धूळ साठली, खोकला जडला. पण त्याच्या हातच्या कुऱ्हाडीला नेसरीच्या बाजारात तोड नव्हती.

यंदा मालकानं पाण्यावरची मशीन आणली. पातं लोखंडी पकडीत अडकवायचं, वरनं पाणी सोडायचं, दगड आपला घासतोय. धूळ न्हाय, चटका न्हाय. आकारामचा खोकला थांबला. बायको चिमणाबाई म्हणाली, "त्या मशीनला एक नारळ फोडा की!"

पण ठिणगीबी न्हाय. गढूळ पाण्याखाली पात्याचं काय चाललंय कळंना. डोळं बांधून गाडी हाकल्यागत वाटायला लागलं. शेवटी एका सकाळी त्यानं पाण्याचा कॉक बारीक केला. ठिणगी उडाली, गडी खुलला. तसंच रेटलं. जेवायच्या सुट्टीत पाती पुसायला घेतली, तर धारेवर निळी झाक. पातं पकडीत, चटका बसणार कुणाच्या बोटाला? पोलाद तापून मऊ पडलं होतं.

शेजारी पॉलिशला जोतीराम. त्यानं एक पातं उचलून बघितलं.

"आयला, आकारामदा, जळली की ही! आण हिकडं. पॉलिश मारलं की निळं जातंय. कुणाच्या बापाला दिसतंय?"

"बाभळीला दिसंल की."

"बाभळ काय मालकाला सांगाय येती? तू सांगितलंस तर मशीन जाईल तुझी. परत जुन्या सानेवर खोकत बसशील."

ते आकारामलाबी ठावं होतं. तरी त्यानं हातोडा उचलला आन् एकेका पात्याची धार ठोकून बोथट केली. आवाजानं मालक बाळासो पळत आले.

"याड लागलं काय रं?"

"जळल्यात, मालक. म्या पाणी तोडलं."

बाळासोंनी पातं उन्हात धरून बघितलं. शिवी आली होती ती गिळली.

"उद्यापासनं मशीनवर जोतीराम. तू जुनी सान धर."

दुसऱ्या दिवशी जोतीरामनं तिकडनं हाळी दिली, "आकारामदा, पाण्याखाली कायबी दिसंना की रं! धार वळकायची कशी?"

आकारामनं तोंडावरचा टॉवेल खाली वढला.

"मला वळकाय आली असती तर हितं तोंड बांधून बसलो असतो व्हय? कॉकला तेवढा हात लावू नगंस."