पापड भरलेलं खोकं

इंदूचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. स्वयंपाक उरकून घमापुरातल्या घरून रिछाईच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत सायकल, सातला हजेरी. बंटीभैयाच्या वर्कशॉपात ती लाकडी खोकी बनवायची. तिचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात हेच काम करत. तिथे नमुन्याचं खोकं उंचावरून टाकून बघितल्याशिवाय माल बाहेर जात नसे. इंदूने तोच नियम धरला.

विभावरीबाई निवृत्त शिक्षिका. बासष्टाव्या वर्षी नागपुरात त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन ठरलं. चौकटीवर ताणलेली अकरा तैलचित्रं ट्रकने पाठवायची होती; त्यांच्या खोक्याचं काम बंटीकडे आलं. एक जरी बिघडलं, तरी दुसरं नाही.

"फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळ, एकावर एक रच, चलो," बंटी म्हणाला.

"प्लास्टिक रंगाला टेकलं की फुग्यांचे गोल उमटतात, भैया. अन् चित्रं उभी जातील."

तिने उभ्या खणांचं खोकं केलं. खिळा एकही नाही, सगळे स्क्रू. मग चित्राच्या जागी एका रिकाम्या चौकटीवर उडदाचे चार पापड दोऱ्याने ताणून बांधले, चौकट खणात सरकवली आणि खोकं टेम्पोवरून खाली ढकललं.

"पागल झाली का तू? मी बाँब नाही पाठवून राहिलो!"

"बाँबला इतकं जपावं लागत नाही."

उघडलं तर दोन पापड मोडलेले. वर्कशॉपातले सगळे हसले.

"भाजून खा अन् माल भर. उद्या संध्याकाळी ट्रक आहे."

"याच्यात चित्रं नाही जाणार."

"काहून? मालक कोण, तू का मी?"

"वर्कशॉपचे तुम्ही. खोक्याची मी."

"आजचा रोज कापीन."

"कापा."

चूक तिचीच होती. चौकट खणात आवळून बसली होती, म्हणून धक्का थेट आत गेला. तिने सगळे स्क्रू काढले, खण पाव इंचाने रुंद केले, तळाशी दोन बोटं जाड फोम घातला. सकाळी खोकं दोनदा टाकलं, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. चारही पापड शाबूत. मगच चित्रं भरली. ट्रकमध्ये दोर तिने स्वतः आवळला.

दोन दिवसांनी विभावरीबाईंचा नागपूरहून फोन आला. अकराच्या अकरा भिंतीवर लागली होती.

बंटीने त्या दिवसाचा रोज कापलाच. उरलेल्या मजुरीत मागची बचत घालून इंदूने स्वतःची ड्रिल मशीन विकत घेतली.