टोपलंभर ज्वारीचे अंतर

पिंगळीच्या दगडाबाईला आकाशाचे अंतर ठाऊक होते. कुवेतला कामाला निघताना तिच्या एकुलत्या भुजंगने ते तिला जात्यापाशी बसून समजावले होते. "सतराशे मैल हाय, आई, पर विमानाला चारच तास. तू पहाटं टोपलंभर ज्वारी दळतीस ना, तेवढ्यात कुवेतहून मुंबई."

त्या दिवसापासून माउलीने 'दूर' हा शब्दच सोडला. दळण सरले की खुंट्यावर हात ठेवून म्हणे, "निघाला असता तर आला असता आतापोतर."

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिचा नवरा सिताराम अंथरुणाला खिळला. मारुतीपुढे उभा जन्म वीणा धरलेला तो देह. परभणीच्या डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हटले. भावकीतला पुतण्या बन्सीधर दुपारी तार करून परतला.

"तार केली, काकू."

"मंग निघाला आसंल," ती म्हणाली, आणि भर दुपारी टोपले भरून जात्याला बसली.

घरघर जात्याची, घरघर सितारामच्या छातीची. त्याचे ओठ भेगाळले. त्याने बोट हलवून पाणी मागितले. बन्सीधरने गडवा उचलला, तुळशीचे पान तोडले. दगडाबाईने त्याचा हात धरला.

"न्हाई. ते पाणी लेकाच्या हातचं. एकदा तोंडात पडलं की माणूस थांबत न्हाई."

"काकू, मुंबईहून पुन्हा मनमाडला गाडी बदलावी लागती. रात जाती सगळी."

"तू बसलास का कवा इमानात?"

"न्हाई."

"मंग गप बस."

टोपले सरले. दाराकडे पाहत तिने कणगीतली उरली ज्वारी उपसली. पुन्हा घास, पुन्हा फेरा. अरे पांडुरंगा, भोळ्या जिवाने तुझ्याशी केवढा हट्ट मांडावा, आणि तू कटीवरचा हात काढू नयेस! दिवेलागणीला छातीची घरघर थांबली. जाते त्यानंतरही थोडा वेळ फिरत होते. गडवा काठोकाठ भरलेला होता, तुळशीचे पान सुकून गेले होते.

भुजंग आला तेव्हा राख सावडून झाली होती. कुवेतच्या मालकाने ठेवून घेतलेला पासपोर्ट हाती देईपर्यंत आठवडा गेला होता. गळ्यात पडून तो रडला. तिने एवढेच विचारले, "इमानाला किती लागलं?"

तो खाली पाहू लागला. "चार तास, आई."

"टोपलंभर?"

"टोपलंभर."

"मंग तुझं खरं व्हतं," ती म्हणाली. "पाणी मीच अडवलं."

त्याने तांब्या भरून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, आणि सिताराम जिथे निजला होता, त्या सारवल्या भुईवर हळूहळू ओतला. उन्हाळ्याची भुई. पाणी पडले तसे आटून गेले.