टाळी दुसऱ्या मात्रेवर

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी अकोल्याला आई म्हणायची, मुलीच्या जातीला एवढी चुळबुळ बरी नव्हे. लग्नानंतर नवरा म्हणायला लागला, "अगं, बस ना जरा, मला गरगरायला लागलं." आता सत्तरी जवळ आली, गुडघे बोलायला लागले, तरी स्वयंपाकघरात जुनं सोलचं गाणं लागलं की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. मुलगी हसते. "मॉम, यू आर क्रेझी," म्हणते. म्हणू दे. पण हे वेड मला कुणी लावलं आणि त्या बाईशी मी कशी वागले, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न करून अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आले. नवरा युनिव्हर्सिटीत संशोधन करायचा, सकाळी सायकलवर जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. घरात बसून मला वेड लागायची पाळी आली होती. शेवटी एका लॅबमध्ये काचेची भांडी धुण्याचं काम मिळालं. बी.एस्सी. फर्स्ट क्लास, आणि हातात बाटल्या घासायचा ब्रश. तळघरातली खोली, खिडकी नाही, दोन सिंक. एका सिंकवर मी आणि दुसऱ्यावर शेजारच्या इप्सिलँटी गावाहून येणारी एक ब्लॅक बाई, पन्नाशीची, माझ्या दुप्पट वेगाने काम करणारी. फळीवर तिचा रेडिओ असायचा आणि त्यावर दिवसभर सोल, तिच्या लोकांचं संगीत.

मी असं काही ऐकलंच नव्हतं. गाणारा गयावया करतोय, जीव चाललाय त्याचा, आणि खाली ड्रम आणि बेस असे की पाय जागेवर राहत नाहीत. म्हटलं, हा माणूस रडतोय आणि मला नाच कसला सुटलाय? पण मला ते फार पटलं, कारण माझंही तेच चाललं होतं. घरच्या आठवणीने रडू यायचं आणि पाय कुठेतरी पळत सुटायला बघायचे. एक दिवस मी सिंकच्या कडेवर ठेका धरला होता, तर ती म्हणाली, "बेबी, तू चुकीच्या जागी वाजवतेस." आपल्याला समेची सवय. पहिल्या मात्रेवर टाळी दिली की आपलं समाधान. तिने माझं ओलं मनगट धरलं आणि पहिली मात्रा सोडून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर माझा हात आपटवला. दुपारपर्यंत मला ते जमलं नाही. जमलं तेव्हा अंगावर काटा आला.

मी तिला मावशी म्हणायला लागले. अर्थ सांगितला तर म्हणाली, "म्हणजे मला तुझ्यावर ओरडायचा हक्क मिळाला." तो तिने लगेच वापरला. माझे रबरी तळव्यांचे बूट पाहून म्हणाली, याने जमिनीला चिकटून बसशील, चामड्याचा तळवा हवा. आणि पुढच्याच रविवारी ती मला डेट्रॉइटला घेऊन गेली.

भाड्याने मिळणारा साधा हॉल होता. दुपारी तीनला सुरू व्हायचं. गाड्यांच्या कारखान्यातले कामगार, नर्सेस, बस चालवणारे, सगळे चाळिशी-साठीचे, आणि कपडे मात्र लग्नाला आल्यासारखे. पुरुषांचे जोडे चकाकणारे, बायकांच्या हॅट्स. प्रत्येकाने घरून डबा आणलेला. नाच जोडीचा, शांत, सरकत्या पावलांचा. मला वाटलं होतं धांगडधिंगा असेल. कसलं काय, मला लाज वाटावी इतकी ती माणसं शिस्तीत नाचत होती.

पहिल्याच गाण्यात माझा पाय मावशीच्या पायावर पडला. आता आपल्याकडे कुणाला पाय लागला की काय करतात? मी विचारही केला नाही. भर फ्लोअरवर खाली वाकले, तिच्या बुटाला हात लावला आणि कपाळाला लावला. मागून येणारं एक भलंभक्कम जोडपं माझ्यावर आदळलं, त्यांच्यावर दुसरं. मावशी म्हणाली, "काय पडलं तुझं?" मी सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरी, इथे पाय लागणारच. दर वेळी वाकलीस तर संध्याकाळपर्यंत आपण सगळे आडवे होऊ."

माझी खरी अडचण मात्र वेगळी होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तशी मी. मात्रा यायच्या आधीच माझं पाऊल पडलेलं. मावशी खांद्यावर हात दाबून म्हणायची, "तू गाण्याच्या आधी पोचतेस. तिथे कुणी नसतं, बेबी. गाणं येऊ दे." दोन हिवाळे आम्ही दर रविवारी गेलो. हळूहळू मोठमोठे नाचणारे माझ्यासमोर येऊन हात पुढे करायला लागले. मी मनात म्हटलं, वा, आता आपल्याला येतं.

येताना मावशीच्या घरी जेवण ठरलेलं. ती पालेभाजी डुकराच्या हाडासोबत शिजवायची, पण मी मांस खात नाही म्हणून माझ्यासाठी छोट्या भांड्यात वेगळी ठेवायची. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो. सहा वर्षांपूर्वी गेला होता. त्यानेच तिला नाच शिकवला. दोन हिवाळे मी त्या टेबलावर जेवले, आणि माझ्या घराचा दरवाजाही तिने पाहिला नव्हता. एकदा ती सहज म्हणाली, "तुझ्या घरून कसं दिसतं गं बाहेर?" मी आणखी भाजी वाढून घेतली आणि विषय बदलला.

कारण होत्या काकू. आमच्या मराठी मंडळींत त्या सगळ्यांत मोठ्या, डॉक्टरांच्या पत्नी. त्या म्हणतील ती पूर्व दिशा. आम्ही आलो तेव्हा विमानतळावर त्याच घ्यायला आल्या होत्या. माझा पहिला कोट त्यांचा, पहिला कुकर त्यांचा. पण काळ्या वस्तीच्या डेट्रॉइटचं नाव काढलं की त्या गाडीच्या काचा वर करायच्या. मी तिथे नाचायला जाते हे मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. नवरा म्हणाला, "बोलाव ना तुझ्या मावशीला. फक्त त्या दिवशी काकू नसतील असं बघ." हे ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, चोरी आहे का? सगळ्यांसमोरच बोलावते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला.

बाहेर गुडघाभर बर्फ. आमच्या दोन खोल्यांत बारा बायका, जरीच्या साड्या आणि खाली लोकरीचे मोजे. मावशी बरोबर वेळेवर आली, म्हणजे आमच्या हिशेबाने सगळ्यांच्या आधी. रविवारचा जांभळा ड्रेस, हॅट, हातात स्वतः केलेला रताळ्याचा ‘पाय’, म्हणजे तिकडचं ओव्हनमध्ये भाजलेलं गोड पक्वान्न. मी ओळख करून दिली, "माझी मैत्रीण, लॅबमध्ये असते." नाचाचं बोलले नाही. कुठे गेला होता तो सगळ्यांसमोरचा ताठा, कोण जाणे. मावशी सोफ्यावर बसली आणि सगळं बारकाईने बघत राहिली.

मी करंडा घेऊन एका टोकापासून सुरुवात केली. हळद, कुंकू, तिळगूळ, वाणाची वाटी. मावशी शेवटून दुसरी होती. तिच्यापाशी पोचायच्या आधी काकूंनी मला हळूच विचारलं, "काय गं, त्यांचे मिस्टर असतात ना?"

"नाही काकू. गेले."

"अगंबाई. मग… बघ बाई, तुझं घर आहे. मी आपलं विचारलं."

बस, एवढंच. नको असं त्या म्हणाल्याच नाहीत. मी वळले तर मावशीने हॅट काढून मांडीवर ठेवली होती. बाकीच्यांना कपाळावर लावतात हे तिने पाहिलं होतं. डोळे मिटून तिने मान पुढे केली होती.

माझी आई अडतिसाव्या वर्षी विधवा झाली. हळदीकुंकवाच्या दिवशी ती आत बसून बाकीच्यांसाठी वाणं भरायची, आणि दहा वर्षांची मी दारात उभी राहून त्या सगळ्या बायकांचा राग राग करायची. मोठी झाल्यावर असलं काही आपण पाळणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. आणि तीच मी करंडा धरून मावशीसमोर उभी राहिले आणि माझा हात उचलेना. बारा बायका बघत होत्या. मी तिच्या हातात तिळगूळ आणि वाटी ठेवली. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सॉरी, ते संपलं."

कुंकू संपलं असं तोंडातून काढूही नये म्हणतात. तेवढ्यात बेल वाजली. एक उशिरा आलेली मैत्रीण बूट झटकत आत आली, आणि माझा मेला हात आपोआप करंड्यात गेला. तिच्या कपाळावर मी ठसठशीत कुंकू लावलं. मागे वळले तेव्हा मावशी हॅट घालत होती. तिने सगळ्यांचा हसून निरोप घेतला. रताळ्याच्या पायला कुणी हात लावला नाही.

सोमवारी ती "गुड मॉर्निंग" म्हणाली. मला कधी ती गुड मॉर्निंग म्हणत नसे, "आलीस का" म्हणायची. रेडिओ चालू होता, पण ती ठेका धरत नव्हती. तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी तीन दिवस धड जेवले नाही, घरात येरझारा घातल्या, नवऱ्यावर उगाच खेकसले. गुरुवारी मला राहवलं नाही. नळ बंद केला आणि सांगून टाकलं. कुंकू संपलं नव्हतं. आमच्यात विधवेला लावत नाहीत. माझ्या आईलाही लावत नसत.

तिने हातातली बाटली धुऊन पालथी घातली. "म्हणजे माझा नवरा मेला म्हणून?"

"हो."

"मला वाटलं, माझ्या रंगामुळे." तिने पुढची बाटली उचलली. "ते झालं तर काय करायचं ते मला येतं. जन्मभर केलंय. हे नवीनच काढलंस तू."

मी म्हणू शकले असते की नाही नाही, रंगाचा काही संबंध नाही. पण काकूंनी बारा बायकांपैकी एकटीबद्दलच विचारलं होतं. त्यांच्यात आणखी एक बाई होती, जिचा नवरा कुणी कधी पाहिला नव्हता. तिला कुणी काही विचारलं नाही. मी मावशीला हेही सांगितलं. ती म्हणाली, "हं." आणि नळ सोडला.

त्या रविवारी ती न्यायला येईल असं मला वाटलं नव्हतं. एक वाजल्यापासून मी खिडकीपासून हललेच नाही. दीडला गाडी आली. हॉलमध्ये ती तिच्या लोकांत जाऊन बसली, मी भिंतीजवळच्या खुर्चीवर. एक गाणं झालं, कुणी आलं नाही. दुसरं सुरू झालं. मी कोट घालायला उठणार तेवढ्यात मावशीच समोर येऊन उभी राहिली, हात पुढे करून.

"ऊठ. इथे कुणाला सलग दोन गाणी बसवून ठेवायचं नाही, असा रिवाज आहे."

मला हे माहीतच नव्हतं. दोन वर्षं ते मोठमोठे नाचणारे माझ्याकडे येत होते ते… मी विचारलं, "म्हणजे माझा नाच चांगला आहे म्हणून नाही?"

"तुझा नाच? तू अजून गाण्याच्या आधी पोचतेस."

मी हसले आणि मला रडू फुटलं. वाटलं, मिटलं सगळं. मी म्हटलं, "मावशी, मला माफ केलंस ना?"

तिने माझा हात सोडला नाही, पाऊलही चुकवलं नाही. म्हणाली, "मी रिवाज पाळतेय, बेबी. त्याला माफी समजू नकोस."

त्यानंतर आम्ही आणखी पाच वर्षं नाचलो, नवऱ्याला टेक्सासला नोकरी लागेपर्यंत. दर संक्रांतीला मी तिला घरी बोलवायची, एकटीला, आणि सांगायची की लावणार आहे, तुलाच पहिलं लावणार आहे. ती म्हणायची, "त्या दिवशी मला जमणार नाही." आणि त्यानंतरच्या रविवारी दीड वाजता दारात गाडी घेऊन यायची. आत मात्र ती कधी आली नाही.