कारणाचा रिकामा रकाना

उचगावात बिऱ्हाड केलं त्या दिवशी भरमू बेलीफ लोकांना आधी ऐकू आला, मग दिसला. आतून आरडाओरडा, पाठोपाठ अंगणात ताट आणि ताटामागून काळ्या टोपीतला किडकिडीत माणूस. आमटीत मीठ कमी होतं म्हणे.

बेळगावच्या कोर्टात तो जप्त्या करी, पंचनामे लिही. तिथं त्याचा आवाज कधी चढला नाही. सगळा घरासाठी शिल्लक राही. त्र्याऐंशी साली बायको, मालुबाई, लोंढ्याला माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, "रागावर औशिद घ्या, मगच न्यायला या."

भरमू औषधाला गेला, तर बंगळूरहून शिकून आलेल्या मनाच्या डॉक्टरांनी बाटली दिलीच नाही. एक छापील तक्ता दिला. काय घडलं, मनात काय आलं, आपण काय केलं, कारण काय. राग आला की लगेच भरायचा. भरमूला हायसं वाटलं. कागदाला तो कधीच भ्यायला नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः आमटी केली, चाखली आणि ताट अंगणात भिरकावलं. मग टोपी घालून तक्ता भरायला बसला. जागेची चतुःसीमा लिहिली, पूर्वेस गोठा, दक्षिणेस न्हाणी. पंच म्हणून शेजारच्या कल्लाप्पाला आणि रवळूला बोलावलं.

"कारण लिवतो. मीठ कमी."

"मीठ कुणी घातलं?" कल्लाप्पानं विचारलं.

"मीच."

"मग राग कुणावर रं?"

भरमूनं पेन कागदावरून उचललं.

"आमी आवाज ऐकला, ताट बघितलं," रवळू म्हणाला. "कारण काय बघितलं न्हाय. त्याला सही न्हाय मिळायची."

पंचांनी न पाहिलेलं भरमूनं उभ्या नोकरीत लिहिलं नव्हतं. रकाना कोराच राहिला.

डॉक्टर तक्ता बघून म्हणाले, "अहो, सह्या कशाला घेतल्या?"

"सह्यांबिगर कागद टिकत न्हाय, सायेब."

तोच कागद घेऊन तो लोंढ्याला गेला आणि मालुबाईला मोठ्यानं वाचून दाखवू लागला. शेवटाला येऊन अडखळला.

"पुढं वाचा की. कारण काय?"

"कारण... पंचांनी मान्य केलं न्हाय."

मालुबाई पदर तोंडाला लावून हसली. "माझं तरी दुसरं काय म्हणणं हुतं? चला. पर आमटी तुमी करायची."

भरमू आता निवृत्त आहे. आमटी तोच करतो. मीठ अजून कधी कधी कमी पडतं.