हळदीच्या पानातलं बिऱ्हाड

परळची चाळ सोडून मीरा रोडला शांती नगरमध्ये यायचा हट्ट माझा. बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघीच. स्वतःचा संडास, स्वतःची बाल्कनी, अशी एकेक लालूच दाखवत मी आईला इथे आणलं आणि ती जी गप्प झाली, ती झालीच. चाळीत दार फक्त झोपताना लागायचं, इथे ते फक्त दूधवाल्यासाठी उघडायचं. आषाढात तिने एकदाच सांगून टाकलं, "नागपंचमीला तुझ्या मावशीकडे चाललेय. मग तिथेच राहीन म्हणते." मावशीची खोली त्याच चाळीत. आणि आमच्या आईचं 'म्हणते' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

त्यात ती बेल. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट; तेव्हा आमच्या सोसायटीत निम्म्या दारांना पक्ष्याच्या आवाजाची बेल होती. बटण दाबलं की आत चिवचिवाट. आमचीही तशीच, मीच हौसेने बसवलेली. सकाळी आठच्या सुमाराला ती वाजायची. आई हातातलं टाकून, पदराला हात पुसत दाराकडे धावायची. बाहेर कोणी नाही! दिवसातून चार-चारदा हेच. कोणीतरी आलं म्हणून फुललेला तिचा चेहरा रिकाम्या जिन्याकडे बघून उतरायचा, तो मला बघवत नसे.

समोरच्यांचं पोरगं खोड्या काढतंय, असं तिने ठरवूनच टाकलं. एक दिवस समोरचं दार ठोठावून आपल्या खास हिंदीत तिथल्या गुजराती बेनना सुनावलं, "तुम्हारा पोरगा रोज हमारा बेल कायको बजाता है?" "अरे बेन, हमारे घर में छोकरा है ही नहीं. मैं और मेरे मिस्टर, बस." मी आतून ऐकत होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आम्ही रत्नागिरीकडचे. नागपंचमीला आमच्यात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, म्हणून पातोळ्या ज्यांत उकडायच्या ती हळदीची पानं आदल्या दिवशीच कापून ठेवतात. आईची हळद तेलाच्या पत्र्याच्या डब्यात. चाळीत अख्ख्या मजल्याला पानं तीच पुरवायची. डबा आमच्याबरोबर इथे आला आणि बाल्कनीत हळद कमरेएवढी झाली. पंचमीच्या आदल्या दिवशी पानं कापून आई दुपारी निघणार होती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली. मी रजा घेतली होती, पोचवायला म्हणून. खरं म्हणजे अडवायला.

आई कात्री घेऊन बाल्कनीकडे निघाली, इतक्यात वीज गेली. पंखा थांबला, आणि बेल वाजली!

आई हातातल्या कात्रीसकट धावली. बाहेर कोणी नाही. वीज सगळ्यांचीच गेली का, ते बघायला समोरच्या बेनही दारात आल्या होत्या.

"बेन, लाईट नाही, फिर भी हमारा बेल वाजता है!" आई चक्क घाबरली होती.

पुन्हा आवाज आला. टुविट, टुविट, टुविट! बेननी मान वाकडी करून ऐकलं आणि एकदम हसत सुटल्या. "ये बेल नहीं है, ये तो पंखी छे!" असं म्हणत त्या न विचारता आमच्या घरात शिरल्या, थेट बाल्कनीत. आम्ही त्यांच्या मागे.

हळदीचं एक भलंमोठं पान द्रोणासारखं वळलेलं होतं आणि त्याच्या दोन्ही कडा शिवलेल्या! जाळीवर बोटभर पक्षी शेपटी उभी करून आमच्यावर ओरडत होता. आईने चष्मा लावला. साड्यांना फॉल-बिडिंग करण्यात तिचा जन्म गेलेला.

"अगं, शिंपी! टाके बघ, टाके! एक उसवलेला नाही! आणि आत हा माझ्या वातींचा कापूस. चोरटी कुठली!"

कापसावर तीन अंडी होती. आईचा असा टिपेचा आवाज मी किती महिन्यांनी ऐकत होते! मीही किंचाळले. आनंदाने मला उड्याच माराव्याशा वाटत होत्या.

आईने हातातल्या कात्रीकडे पाहिलं आणि ती खाली ठेवली. "आत्ता डब्याला हात लावायचा नाही. पिल्लं उडाली की मग जाईन."

पातोळ्यांची पानं चेणे गावाहून येणाऱ्या भाजीवालीने आणली. "हलदीची पानां हायेत ना, आनते की!" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी जुडीच घेऊन आली. पातोळ्या समोर गेल्या, समोरून ढोकळा आला. बाल्कनीत कपडे वाळत घालायला मला बंदी झाली. आई आणि बेन पाळीपाळीने कावळे हाकलायच्या. अंडी फुटली तेव्हा आईने मला ऑफिसात फोन केला. साहेबांसमोर मी ओरडले, "तिन्ही?" पण पिल्लांना एकेक पीस फुटत गेलं, तशी मी दिवस मोजायला लागले. ही उडाली की आई जाणार.

गणपतीच्या आधीच्या रविवारी मावशी तिला न्यायलाच आली. दोन पिल्लं सकाळीच उडाली होती. तिसरं पानाच्या कडेवर बसून नुसतं थरथरत होतं. आम्ही चौघी श्वास रोखून उभ्या. एकदाचं ते धडपडत जाळीवर गेलं, तिथून खालच्या बदामावर. "गेलं गं, गेलं!" आई टाळ्या पिटत ओरडली. बेन ओरडल्या, मीही ओरडले, आणि माझी नजर मावशीकडे गेली.

"झालं ना तुझं? चल आता," मावशी म्हणाली.

आई वाकून डबा न्याहाळत होती. "थांब गं. पुढच्या वर्षी दोन डबे लावते. एक शिंप्याला, एक पातोळ्यांना. तूच ये इकडे, चार दिवस राहायलाच ये."

मी चहा टाकायला म्हणून आत गेले. चार कप आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून हमसून हमसून रडले.